दाराच्या आतले अठ्ठेचाळीस

सांगली जिल्ह्यात १९४८ च्या जळिताचा विषय निघाला की माणसे आधी समोर कोण बसले आहे ते पाहून घेतात आणि मग किती बोलायचे ते ठरवतात. ३० जानेवारीला, शुक्रवारी संध्याकाळी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. मारेकऱ्याचे आडनाव पाठोपाठ गावोगाव पोहोचले आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या दिवसांत एका वाड्यात अडकलेल्या कुटुंबाची गोष्ट सांगणारे दोन अंकी नाटक आमच्या संस्थेने हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रासाठी बसवले. संहिता संस्थेतल्याच एका सभासदाची होती आणि दिग्दर्शन माझ्याकडे होते. नाटक कसे झाले हे सांगण्यापेक्षा ते कसे बसत गेले हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण दंगलीच्या काळातले कौटुंबिक नाटक करताना घर किती दाखवायचे आणि दंगल किती, हा एकच प्रश्न वेगवेगळी रूपे घेऊन आमच्यासमोर येत राहिला.

पहिल्या वाचनाला जमलेल्या मंडळींत दोन्ही बाजूंची नातवंडे होती. कोणाच्या आजोळचा वाडा जळाला होता, तर कोणाचे आजोबा त्या गर्दीत होते असे घरात कधीतरी ओझरते बोलले गेले होते. वाचन संपल्यावर नाटकावर चर्चा होईल असे मला वाटले होते, पण बराच वेळ जो तो आपल्या घरातले ऐकीव सांगत राहिला आणि ते सांगणे मी थांबवले नाही. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. जाळपोळीचे वर्णन कोणीच करत नव्हते. सगळ्यांच्या आठवणी वस्तूंपाशी थांबलेल्या होत्या. तांब्याची भांडी आडात टाकली होती आणि पुढे ती गाळात सापडली. दागिन्यांचा डबा फळीवरच राहिला आणि लोणच्याची बरणी मात्र कडेवर घेऊन आजी बाहेर पडली. देवघरातले टाक पंच्यात बांधून शेजारच्या कुणब्याच्या घरी ठेवायला दिले आणि ते जसेच्या तसे परत आले. पुढे वाळवा आणि तासगाव तालुक्यांतल्या काही वृद्धांशी बोललो तेव्हाही हेच घडले. कित्येक ठिकाणी घरातल्या माणसांना आधी बाहेर पडायला सांगितले गेले आणि मग घर पेटवले गेले, असेही त्यांच्याकडून ऐकायला मिळाले. बाहेर पडण्यापूर्वीच्या त्या थोड्या वेळात माणसाने काय उचलले आणि काय ठेवले, यातच आमचे नाटक होते.

मूळ संहितेत मात्र तसे नव्हते. पहिल्या अंकात घरातले दोन भाऊ समोरासमोर उभे राहून लांबलचक वाद घालत. थोरला १९४२ च्या सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चात होता आणि त्याने तुरुंग भोगलेला होता; धाकटा शाखेत जाणारा. त्यांच्या वादात देशाच्या फाळणीपासून संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंत सर्व काही येत असे आणि प्रत्येक वाक्य वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखे घडीव होते. लेखकाने त्यासाठी केलेला अभ्यास पक्का होता, हीच अडचण होती. तालमीत हा प्रवेश सुरू झाला की बाकीची पात्रे नुसती उभी राहत, कारण त्यांना करण्यासारखे काही उरत नसे. आक्का, म्हणजे वाड्याचे मालक आणि या दोन भावांचे वडील दादा यांची विधवा बहीण, हिचे काम करणाऱ्या अभिनेत्रीने एके दिवशी विचारले की, बाहेर गाव पेटायच्या बेतात असताना ही बाई एवढा वेळ भाषणे ऐकत कशी थांबेल, ती चुलीवरचे दूध उतरवायला तरी जाईल की नाही. लेखकाने तो प्रवेश घरी नेला आणि परत आणला तेव्हा त्यातले जवळजवळ सगळे गेलेले होते. उरले ते इतकेच : सून काही न बोलता धाकट्या दिराची खाकी चड्डी खुंटीवरून काढते आणि बंबात घालते. थोरला ते पाहतो, धाकटाही पाहतो. त्या आठवड्यात, ४ फेब्रुवारीला, संघावर बंदी आली हे प्रेक्षकाला माहीत असो वा नसो, बंबाच्या धगीसमोर बसलेली ती बाई काय करते आहे हे त्याला कळते.

काळाच्या तपशिलात आम्ही काटेकोर राहिलो, आणि त्याचा उपयोग संवाद सुधारण्यापेक्षा कथानक ताणण्यासाठी अधिक झाला. फेब्रुवारी १९४८ मध्ये सांगली हे अजून पटवर्धनांचे संस्थान होते. ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. आमचा वाडा ज्या गावात आहे ते गाव मात्र तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले, म्हणजे खालसा, संस्थानाबाहेरच्या मुलखातले. त्यामुळे दादांना वाटत राहते की कसेही करून सांगलीच्या हद्दीत पोहोचलो की राजांच्या राज्यात आपण सुरक्षित आहोत. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ मध्येच झालेला असल्याने बैलगाडीने नदी ओलांडणेही शक्य होते, आणि म्हणून पहिल्या अंकाचा बराचसा भाग गाडी जुंपायची की नाही या एका प्रश्नावर चालतो. सांगलीतही घरे पेटली आहेत ही बातमी जेव्हा येते, तेव्हा घरातल्यांना जायला जागा उरत नाही आणि अंक तिथेच पडतो. बातमी आणणारे माणूस सायकलवरून तालुक्याहून येते. गावात रेडिओ ठेवावा असे एकाने सुचवले होते, पण त्या काळी अशा गावात तो असलाच तर एखाद्याच घरी असणार, आणि ऐकीव बातमीत जी गडबड असते ती रेडिओच्या आवाजात सापडणार नाही, म्हणून सायकलच कायम राहिली. मारेकऱ्याचे आडनाव नाटकात पहिल्यांदा येते ते चुकीचे. दुसऱ्या वेळी बरोबर येते आणि त्यानंतर घरातले कोणीही ते पुन्हा उच्चारत नाही.

कोणत्याही जातीचे नाव नाटकात येणार नाही हे आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते. यामागे सावधगिरी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण खरे कारण असे की, आपल्या भागात माणूस तोंड उघडताच त्याचे घर समजते आणि प्रेक्षकाला ते पुन्हा सांगणे म्हणजे त्याला अडाणी समजणे होय. मग सगळा भार बोलीवर आला. दादांची भूमिका मिळाली ती शेतकरी मराठा घरातल्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याला आणि वाड्याचे कूळ असलेल्या आप्पाची भूमिका मिळाली ती सांगलीच्या गावभागात वाढलेल्या ब्राह्मण घरातल्या मुलाला. हे निवड-चाचणीत आपोआप घडले होते. पुढे मी ते मुद्दाम तसेच ठेवले. दोघांनी एकमेकांना आपापल्या घरची बोली शिकवली, आणि त्या शिकवणीत ‘आमच्याकडे असे बोलत नाहीत’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा ऐकू आले की मला ते नाटकात घालण्याचा मोह झाला. आप्पाच्या तोंडी असलेले ‘तुम्ही निघून जा, ते लोक येत आहेत’ हे छापील वाक्य शेवटी ‘निघा मालक, लोकं यायल्यात’ इथपर्यंत आले. ते जितके लहान झाले तितके दादांना त्यावर उत्तर देणे अवघड झाले.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित होऊन आल्याशिवाय प्रयोग करता येत नाही. तो सोपस्कार वेळेत पार पडला आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही. मात्र प्रमाणपत्राची वाट पाहत असतानाच्या गप्पांमध्ये खाडिलकरांचा विषय निघाला आणि त्याने माझी एक मोठी अडचण सोडवली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, कारण कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. त्या नाटकात रंगमंचावर ना मोर्चा आहे ना गोळीबार. आहे ते विराटाचे घर आणि त्या घरात एका स्त्रीची होणारी विटंबना. बाहेरचा सगळा असंतोष प्रेक्षक आपल्यासोबत नाट्यगृहात घेऊन येत होते. तोपर्यंत आमच्या दुसऱ्या अंकात मशाली घेतलेला जमाव मागच्या बाजूने रंगमंचावर येत असे. मी जमाव काढून टाकला. या निर्णयावर संस्थेत बरीच नाराजी झाली, कारण त्या जमावात काम करणारी तरुण मुले तालमींना सर्वांत नियमित येत होती. त्यांना आता पडद्यामागे आवाज देण्याचे काम उरले.

ते काम सर्वांत कठीण निघाले. पहिल्यांदा आम्ही त्यांच्या घोषणा ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्या निवडणुकीच्या मिरवणुकीसारख्या ऐकू आल्या. स्टुडिओत गर्दीचा आवाज गोळा करता येतो, पण दूर असलेली गर्दी जवळ येते आहे हे त्यात येत नाही. म्हणून एका संध्याकाळी सगळ्यांना घेऊन हरिपूरच्या संगमाकडे, कृष्णा आणि वारणा मिळतात त्या बाजूच्या नदीकाठच्या मोकळ्या मळीत गेलो. मुलांना लांबून चालत यायला सांगितले आणि त्यांना शब्द दिले नाहीत. आपसात बोलत, हाका मारत, भांडी वाजवत, कुत्र्यांना हुसकत ती येत राहिली. नाटकात वापरला तो हाच आवाज. घोषणांचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, उलट तो वेगळ्या अर्थाने पुढे आला. त्या दिवसांत जाळायला निघालेल्यांच्या तोंडीही गांधीजींचा जयजयकार होता, असे आम्हाला एकाहून अधिक वृद्धांनी सांगितले होते. थोरल्या मुलाने बेचाळीस साली तीच घोषणा देत लाठ्या खाल्ल्या होत्या. ती घोषणा बाहेरून ऐकू यावी की येऊ नये यावर लेखकाचे आणि माझे एकमत होईना. बाहेरून ती आली असती तर प्रेक्षकांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला असता, असे माझे म्हणणे होते. अखेर ती फक्त थोरल्याच्या तोंडी राहिली : बाहेरच्यांना आपण कोण आहोत हे कळावे म्हणून तो दाराच्या आतून ती घोषणा देतो, आणि बाहेरून काही उत्तर येत नाही.

आक्काचा प्रवेशही असाच आवाजावर उभा राहिला. त्रेचाळीस साली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचा जोर असताना तिने भूमिगतांना या वाड्यात भाकरी घातल्या आहेत. दाराबाहेरच्या गोंगाटात तिला त्यातल्याच एकाचा आवाज ओळखू येतो. संहितेत ती त्याला नावाने हाक मारत असे आणि तो खजील होऊन निघून जात असे. प्रेक्षकांना हे आवडले असते यात शंका नाही. पण त्या एका हाकेने गाव शहाणे झाले असे दाखवण्याचा अधिकार आम्हाला होता का, हा प्रश्न अभिनेत्रीनेच उपस्थित केला. आता ती आवाज ओळखते, भाचेसुनेला तो कोणाचा ते सांगते, आणि त्याला कोरड्यास फार तिखट लागायचे एवढे म्हणते. एवढेच.

भावे नाट्यमंदिरात सकाळी नेपथ्य लावून रात्री प्रयोगानंतर लगेच उतरवायचे असते, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संस्थेचे नाटक असते. जमाव काढल्यामुळे आमचे सगळे नेपथ्य एका दरवाज्यावर आले होते. प्रेक्षकांना दिसतो तो आतून : अडसर, कडी, कोयंडा आणि फळ्यांमधल्या फटी. मोडलेल्या वाड्यांचे लाकूडसामान विकणाऱ्याकडून आम्ही खरा सागवानी दरवाजा मिळवला, आणि तो फ्लॅटला, म्हणजे नेपथ्याच्या कापडी चौकटीला, जोडताच शेजारची भिंत, म्हणजे रंगवलेले कापड, थरथरू लागली. आमच्या सुताराने मागून टेकू देऊन आणि चौकटीच्या पायाशी वाळूची पोती टाकून ते निभावले. हलका, प्लायवूडचा दरवाजा करा, असा सल्ला अनेकांनी दिला होता. तो मी मानला नाही याचे कारण अडसर हे होय. खरा अडसर खोबणीत बसताना जो आवाज होतो त्यावर आप्पाचा पूर्ण प्रवेश अवलंबून होता; तो बाहेरचा माणूस असून आत येतो आणि अडसर स्वतःच्या हाताने लावतो, म्हणजे आता तोही आतला होतो.

प्रकाशयोजनेबाबत एकच अट होती की तांबडा रंग वापरायचा नाही. दंगल म्हटली की सायक्लोरामा, म्हणजे रंगमंचाचा मागचा पडदा, लाल करण्याची आपल्याकडे इतकी सवय झाली आहे की प्रेक्षक तो लाल रंग पाहून निवांत होतात. त्यांना कळते की आता दंगल चालू आहे. आमच्या वाड्यात वीज नव्हती. कंदिलांत छोटे दिवे बसवले होते आणि त्यांना आधार म्हणून अगदी मंद, पिवळसर अंबर प्रकाश होता. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर दरवाज्याच्या फटींतून बाहेरचा उजेड आत येऊ लागतो आणि तो कंदिलापेक्षा हळूहळू वाढत जातो. बाकी काही बदलत नाही.

नाटकाचा शेवट मात्र प्रयोगाच्या आदल्या आठवड्यापर्यंत ठरत नव्हता. दादा सावकारीही करत. आप्पाची जमीन त्यांच्याकडे गहाण आहे आणि ते कागद व खतावणी वाड्याच्या कोनाड्यात आहेत. आप्पा कुटुंबाला मागच्या दाराने आपल्या वस्तीवर नेतो, त्यांचा जीव वाचवतो. मूळ संहितेत पहाटे दादा ती खतावणी त्याच्या हाती देत, तो ती नाकारत असे आणि दोघे गळ्यात पडत. मला हा शेवट खोटा वाटत होता. जीव वाचवणाऱ्या माणसाला कर्जातून सुटावेसे वाटणार नाही असे मानणे म्हणजे त्याच्या उपकाराला सोवळे नेसवण्यासारखे होते. दुसऱ्या बाजूने, त्याने ती मागून घेतली तर त्याने केलेले सगळे त्या कागदासाठीच केले असे प्रेक्षक म्हणणार. कुळकायदा त्याच १९४८ सालचा आणि कसणाऱ्याला मालक मानणारा कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा. म्हणजे जमिनीचा निकाल पुढे निराळ्याच वाटेने लागणार होता, पण त्या रात्री त्या दोघांना ते ठाऊक नाही. शेवटी आम्ही असे केले की निघताना आप्पाच खतावणी कापडात गुंडाळून घेतो, इतर सामानाबरोबर. त्याच्या वस्तीवर ती उतरंडीमागे ठेवली जाते. दादा ते पाहतात. सकाळी निघताना दादा विचारत नाहीत आणि आप्पा देत नाही.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यमंदिर बऱ्यापैकी भरले होते. बाहेर पडताना प्रत्येकजण एक वस्तू उचलतो त्या प्रवेशात दादा छत्री घेतात. फेब्रुवारीत छत्री, म्हणून प्रेक्षागृहात मोठा हशा झाला. मी विंगेत उभा होतो आणि तो हशा इतका मोकळा असेल अशी अपेक्षा मला नव्हती. नटाने थांबून तो पूर्ण होऊ दिला, छत्री काखेत मारली आणि सवयीने पायरीवर वहाणा झटकल्या, ही त्याची स्वतःची भर होती. प्रयोगानंतर भेटायला आलेल्यांपैकी काहींनी आप्पा चोर आहे का, असे सरळ विचारले. काहींना दादांची सावकारी दाखवायला नको होती असे वाटले, आणि जवळजवळ तितक्याच जणांना ती फारच कमी दाखवली असे वाटले. जळालेल्या घरातले एक वयस्क गृहस्थ फक्त दरवाजा पाहायला रंगमंचावर आले, त्यांनी खोबणीत बोट घालून पाहिले आणि अडसर उलटा बसवला आहे असे सांगितले. त्यांचे बरोबर होते. सुताराने पुढच्या प्रयोगासाठी तो फिरवून घेतला.

अंतिम फेरीत नाटक गेले नाही. त्यानंतर गावांतून विचारणा सुरू झाली आणि तिथे वेगळेच प्रश्न आहेत. उघड्या मंचावर फटींतला उजेड बाहेरच्या दिव्यांत विरून जातो, आणि मळीत केलेला आवाज लाउडस्पीकरवरून आला की आसपासची खरी कुत्री भुंकू लागतात. एका गावच्या प्रयोगानंतर खतावणीवरून प्रेक्षकांत सुरू झालेला वाद आम्ही नेपथ्य टेम्पोत भरेपर्यंत चालू होता. वाळवा तालुक्यातल्या आणखी एका गावाने बोलावले आहे, मात्र तिथल्या मंडळींनी आधी संहिता वाचायला मागितली. लेखकाला ते रुचले नव्हते, पण ज्या गावात हे घडले असण्याची शक्यता आहे त्या गावाने आधी वाचून पाहावे यात मला गैर वाटत नाही. संहिता पाठवली आहे. तिच्यासोबत दरवाज्याच्या चौकटीचे मापही कळवले आहे, कारण त्यांच्या मंचावर पत्र्याचे छत आहे आणि आमची चौकट त्याखाली उभी राहील की नाही हे त्यांनाच मोजून सांगावे लागेल.